विरजणाचा अर्ज

ताईचा अर्ज मी 'क' गटात टाकला तो सोमवार होता. त्यानंतर सात महिन्यांनी ताई गेली.

तिचं हृदयाचं दुखणं जुनं होतं आणि अर्जाचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे मला समजतं. तरी ती गेली तो वार कोणी विचारला तर मला आठवून सांगावा लागतो. अर्जाचा सोमवार आठवावा लागत नाही.

मी इथे बडोद्यात एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर एका समितीत माझं नाव गेलं. लोक बायोगॅसचे नवे प्रकल्प सुचवायचे, आणि आम्ही दोन परीक्षक अर्ज वाटून घेऊन वाचायचो, पन्नासपैकी गुण द्यायचो, गट ठरवायचो. 'अ' म्हणजे नवीन, 'ब' म्हणजे सुधारित, 'क' म्हणजे प्रचलित. ज्याच्या वाट्याला अर्ज, त्याचा शब्द शेवटचा. दुसरा नुसती सही करायचा. दुसरा परीक्षक तरुण इंजिनियर होता. मी टेबलाशी बसून हाताने टिपणं काढतो याची त्याला गंमत वाटायची.

काम मला आवडायचं. एरवी खरकटं, शेण, सडकी भाजी यांच्याबद्दल इतक्या आशेने लिहिलेलं कुठे वाचायला मिळणार? प्रत्येक अर्जदाराला वाटायचं की जळणारा वायू पहिल्यांदा आपल्याच टाकीतून निघाला आहे. मी पेन्सिलीने शेजारी बारीक खुणा करायचो आणि मनात हसायचो. त्या हसण्याचीही आता लाज वाटते.

त्या सोमवारी माझ्या वाट्याला आलेल्या अर्जाचं शीर्षक होतं 'मेळवण'. गुजरातीत दह्याच्या विरजणाला मेळवण म्हणतात. आमच्या घरात विरजण, दाराबाहेर मेळवण. बडोद्यातल्या मराठी माणसाला दोन्ही शब्द सारखेच जवळचे. अर्जदार होतं निजामपुऱ्यातल्या ताईच्या सोसायटीचं महिला मंडळ. खाली अध्यक्षीणबाईंचं नाव आणि सही होती. ताईचं नाव कुठेही नव्हतं. पण शीर्षक वाचलं आणि अर्ज कोणी लिहिला ते मला कळलं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिने लग्न केलं नाही. का, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सोसायटीजवळच्या बागेच्या एका कोपऱ्यात महापालिकेच्या तोंडी परवानगीने तिने दोन ड्रम उपडे-सुलटे घालून गॅसची टाकी उभी केली होती. सोसायटीचं ओलं खरकटं त्यात जायचं. वायू भरला की वरचा ड्रम हळूहळू वर चढायचा, आणि बागेच्या माळ्याचा चहा त्यावर व्हायचा.

इथवर नवीन काहीच नव्हतं. अशा टाक्या पुष्कळ आहेत आणि पुष्कळशा बंद आहेत. त्या का बंद पडतात हेच ताईने धरलं होतं. टाकीला एकदम फार गोड किंवा फार पिठूळ खाऊ घातलं की ती आंबते. आंबलेल्या टाकीचा वायू पेटत नाही. मग लोक ती उपसतात, शेण घालून पहिल्यापासून सुरुवात करतात आणि पाच-सहा आठवडे वाट बघतात. तेवढ्यात खरकटं पुन्हा कचऱ्याच्या गाडीत जायला लागतं आणि टाकीत पावसाचं पाणी साठतं.

ताईने निजामपुऱ्यात दोन घरं, एक शाळेचं स्वयंपाकघर आणि जुन्या शहरात वाडी भागातल्या एक खमण करणाऱ्या बाई, अशा चार ठिकाणी लहान टाक्या बसवल्या. बागेतली पाचवी, ती आई. दर पंधरा दिवसांनी एका टाकीतली बादलीभर स्लरी, म्हणजे आतला पातळ काला, दुसरीत जायची. कोणती टाकी काय खाते याचं तिने वेळापत्रक केलं होतं. खमणाच्या पिठाची टाकी आंबली तर आधी पीठ खाऊन सरावलेलं विरजणच तिला मिळायचं, म्हणून त्यातलं थोडं बागेत नेहमी जपलेलं असायचं. मेलेली टाकी चार-पाच दिवसांत पुन्हा जळायची. अर्जात तिने लिहिलं होतं, "शेजारणीकडून विरजण आणल्याने कोणाचं दही अडत नाही. टाकीचंही अडू नये."

जुन्या टाकीतलं बी नव्या टाकीत घालतात, हे पुस्तकात आहे. मी स्वतः ते शिकवलं आहे. पुस्तकात नव्हतं ते असं की पाच चुली एकमेकींना जिवंत ठेवतात. तक्त्यात रकाना होता, 'नवीन उपकरण, पदार्थ किंवा प्रक्रिया'. देणंघेणं ही प्रक्रिया म्हणायची का? मी त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं. म्हणजे मला समजलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

या गटावर बागेचा कोपरा अवलंबून होता. महापालिकेने कळवलं होतं, 'अ' किंवा 'ब' आला तर जागा तीन वर्षं राहील, 'क' आला तर दिवाळीआधी मोकळी करायची. ताई मला हे दोनदा बोलली होती. मी समितीवर आहे हे तिला ठाऊक होतं, पण "जरा बघ हं" असं ती म्हणाली नाही. आमच्या घरात असं म्हणत नाहीत.

आमचे पणजोबा जुन्या संस्थानाच्या कचेरीत होते. त्यांच्याकडे त्यांच्या पुतण्याचा अर्ज आला तेव्हा त्यांनी तो गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला, आणि गठ्ठा कधी संपला नाही. पुतण्या म्हातारा झाला. ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. आमचे वडील, अण्णा, मराठी शाळेत मास्तर होते. सातवीत ताई त्यांच्याच वर्गात. वार्षिक परीक्षेत त्यांनी तिचा पेपर तपासला, गुणांची बेरीज केली आणि दोन कमी केले. "घरचं माणूस आहे," म्हणाले. ताईचा पहिला नंबर एका गुणाने गेला. दर दिवाळीला हा किस्सा निघायचा आणि ताई सगळ्यांबरोबर हसायची.

तक्त्याच्या वर एक चौकट होती: 'अर्जदाराशी नाते: आहे / नाही'. 'आहे'वर खूण केली असती तर अर्ज त्या तरुण परीक्षकाकडे गेला असता. मी स्वतःला म्हणालो, अर्जदार मंडळ आहे, मंडळाशी माझं काय नातं? शिवाय त्या मुलाला संगणकाचे पडदे आणि सेन्सर आवडतात, त्याला विरजण काय कळणार? ताईच्या हिताचा विचार करतो आहे असं मला खरंच वाटलं. मी 'नाही'वर खूण केली.

मग गुण दिले. एकतीस झाले. तीसला 'ब' सुरू होत होता.

आणि मग ती खोटी खूण मला टोचायला लागली. तिची भरपाई म्हणून मी दोन गुण कापले. एकोणतीस. एका खोट्याला आमच्या घरचा एक प्रामाणिकपणा जोडला आणि हिशेब बरोबर झाला असं मला वाटलं. मला हलकंसुद्धा वाटलं. हे लिहायला फार जड जातं, पण वाटलं हे खरं आहे.

सीमारेषेवरच्या प्रकल्पाला स्थळभेट द्यावी असा नियम होता. मी लिहिलं, 'आवश्यक नाही'. ताईच्या घरी मी आठवड्यातून दोनदा जात होतो. परीक्षक म्हणून तिच्या दारात कसं उभं राहायचं? त्याच आठवड्यात वाघोडियाच्या एका कारखान्यात मात्र मी भेट द्यायला गेलो होतो. स्टीलची चकचकीत टाकी, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हिरव्या रेघा. जेवणही छान होतं. टाकीला हात लावला तर ती गार होती. पुढच्या महिन्यात सुरू करणार असं ते म्हणाले. त्याला मी 'अ' दिला. उपकरण नवीन होतं.

शेरा गुजरातीत लिहायचा असायचा. ताईच्या अर्जावर मी लिहिलं, "प्रयत्न स्तुत्य छे, पण पद्धत प्रचलित छे."

निकालाचं पत्र नवरात्रात आलं. मी ताईकडे गेलो तेव्हा अध्यक्षीणबाई तिथेच बसल्या होत्या आणि तावातावाने बोलत होत्या.

"बेन, जोवा तो आव्या ज नथी! बघायलापण आले नाहीत. अरे, येऊन एक चहा तरी प्यायचा. आपल्या गॅसवरचा."

"वाचलं असेल नीट," ताई म्हणाली.

"शुं वाच्युं? प्रचलित म्हणे. त्याच्या घरी आहे का प्रचलित?"

ताई चष्मा लावून पत्र पुन्हा वाचत होती. लहान पत्र होतं, इतका वेळ लागण्यासारखं नव्हतं. मग तिने त्याची घडी घातली आणि मला विचारलं, "चहा घेतोस ना? हा सिलिंडरवरचा आहे, चालेल?"

अण्णा वर्षभर सगळ्या पोरांच्या वह्यांवर एकच शेरा लिहायचे. प्रयत्न स्तुत्य. हे मला तिथे, कप हातात घेतल्यावर आठवलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी बागेतली टाकी उतरवली. मीही गेलो. मदत करणं सोपं होतं. ताई पायरीवर बसून सूचना देत होती आणि माळी तोंडाला फडकं बांधून ड्रम उपसत होता.

"मासी, आ तो रडावी देशे," तो म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलं वासाने."

"रड की. तुझा फुकटचा चहा चालला आहे," ताई म्हणाली.

स्लरीच्या पाच बादल्या भरल्या. त्यातल्या चार बादल्या उरलेल्या चार टाक्यांना. पाचवी तिने माझ्यासमोर ठेवली. "ही तुझी. तुमच्या टेनामेंटच्या मागे जागा आहे, लहान ड्रम मी पाठवते. आई कुठेतरी राहायला हवी."

"मला जमेल?"

"रसायनशास्त्राचा प्राध्यापक ना तू? प्रचलित पद्धत आहे."

माळी ड्रम धुवायला नळाकडे गेला होता. आम्ही दोघंच होतो. ताई बादलीच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "अण्णांनी दोन कापले होते. तू किती कापलेस?"

तिचा आवाज चिडका नव्हता. खरंच विचारावं तसं तिने विचारलं. मला एकच शब्द बोलायचा होता, तोही 'दोन' इतका लहान.

मी म्हणालो, "कशाचे?"

तिने बादली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "काही नाही. झाकण नीट लाव. रिक्षात सांडेल."

यानंतर ताई सहा महिने होती. मी आठवड्यातून दोनदा जातच होतो. थंडीत गॅस कमी पडला, शाळेची टाकी थांबली, मग निजामपुऱ्यातल्या दोन्ही घरांच्या. बाग सुटल्यावर वेळापत्रक सांभाळणं ताईला झेपेना; तिला दम लागायचा. वाडीत मात्र ती जमेल तेव्हा जायची. मी दर वेळी ठरवून जायचो की आज सांगू. आणि दर वेळी ती माझ्या टाकीची चौकशी करायची, मी टाकीबद्दल बोलत राहायचो, आणि निघायची वेळ व्हायची.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती उठली नाही.

त्या दिवसांत टाकीकडे कोणी पाहिलं नाही. तेराव्याला गोडाचं जेवण झालं. ताईला आवडायचं म्हणून श्रीखंड होतं आणि ते पुष्कळ उरलं. सगळे गेल्यावर मी मागच्या बाजूला गेलो. ड्रम खाली बसला होता. दहा-बारा दिवस उपाशी आहे बिचारी, असं वाटलं, आणि ताईच्या नावाने मी उरलेलं श्रीखंड, भात, पुऱ्या, सगळं तिच्यात घातलं. तिसऱ्या दिवशी मागच्या दारापर्यंत आंबट वास आला. काडी लावली तर नुसती फुस्स. उपाशी टाकीला अगदी थोडं थोडं खायला घालावं, गोड तर नकोच, हे अर्जाच्या दुसऱ्या पानावर होतं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

बायको दारात उभी होती. त्याच दिवशी मी तिला सगळं सांगितलं. खूण, दोन गुण, बागेतला प्रश्न. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला काय सांगता? तिला सांगायचं होतंत."

पाचांपैकी आता एकच टाकी जिवंत असणं शक्य होतं. मी रिकामी बादली घेऊन वाडीत गेलो. तिथल्या पोळांमध्ये, त्या अरुंद गल्ल्यांमध्ये, मी लहानपणापासून हिंडलो आहे, पण खमणवाल्या बेनकडे कधी गेलो नव्हतो. घरामागच्या अरुंद जागेत त्यांची टाकी होती. ड्रम वर चढलेला. शेजारच्या लहान शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलेलं, खाली निळी ज्योत. मी ती बघत उभा राहिलो. गुण देताना ज्या पाच चुली कागदावर होत्या त्यांपैकी ही एक मी पहिल्यांदाच पाहत होतो. बेन सांगत होत्या की ही टाकी दोनदा मेली आणि दोन्ही वेळा ताई बादली घेऊन रस्ता तुडवत आल्या. पोळात रिक्षा येत नाही.

मी बादली पुढे केली. त्यांनी आकाशाकडे पाहिलं.

"दीवा वखत थयो, भाई. दिवा लागल्यावर मेळवण देत नाहीत. सवारे आवजो."

"पण हे दह्याचं नाही," मी म्हणालो.

"तुमच्या बेन पण संध्याकाळी नव्हत्या नेत." त्या हसल्या. "विज्ञानवाल्या होत्या, तरी पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. त्यांनी मागच्या नळीतून स्लरी सोडली, बादली भरली. ती हातात घेण्याआधी मी सांगितलं. मला वाटतं, मी कोणाला तरी सांगायचं म्हणून सांगितलं. "बेन, ज्याने तुमच्या प्रकल्पाला कमी गुण दिले, बागेची जागा ज्याच्यामुळे गेली, तो परीक्षक मी."

"खबर छे," त्या म्हणाल्या. "बेने कह्युं'तुं. म्हणाल्या, मारो भाई छे, एटले बे ओछा आप्या."

भाऊ आहे म्हणून दोन कमी दिले. आकडासुद्धा बरोबर होता.

मी विचारलं, "हसत सांगितलं?"

बेनने थोडा विचार केला. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पहेलां हस्यां," त्या म्हणाल्या. "पछी डोल उपाडीने गयां."

आधी हसली. मग बादली उचलून गेली.

मी तिथेच उभा राहिलो. त्यांना वाटलं असावं की मी बादली घ्यायला कचरतो आहे. त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि कडी माझ्या हातात दिली. "लई जाओ. मेळवणनी ना न पडाय." विरजण मागणाऱ्या कोणालाही नाही म्हणायचं नसतं.

त्या आठवड्यात मी समितीला पत्र लिहिलं. नात्याच्या चौकटीत मी खोटी खूण केली होती, हे एका वाक्यात लिहिलं. दुसरं वाक्य लिहून खोडलं, कारण त्यात कारणं होती. उत्तर आलं. माझं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं होतं. गट बदलता येत नाही. मंडळाला हवं तर पुढच्या फेरीत नवा अर्ज करता येईल. ते पत्र मी अध्यक्षीणबाईंना नेऊन दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या मला 'बसा' म्हणाल्या नाहीत. अर्ज करणार का, तेही बोलल्या नाहीत. "बेन होत तो करत," एवढंच म्हणाल्या. ताई असती तर केला असता.

बागेच्या कोपऱ्यात आता बाक आहे. वाडीतली टाकी चालू आहे. माझ्या घरामागची पाचव्या दिवशी पेटली. दर पंधरा दिवसांनी सकाळी मी एक बादली वाडीत नेतो आणि एक तिथून आणतो. समितीच्या दप्तरात 'मेळवण' अजून 'क' गटात आहे, एकोणतीस गुण. टाकीवर रोज एक चहा होतो.